ब्रॉयलरच्या खाद्यात झिंक, मँगनीज, मोरचूद घालण्याआधी

सध्या ब्रॉयलरवाल्यांकडून मिनरलबद्दल बरेच प्रश्न येतायत, त्यातले तीन जास्त महत्त्वाचे वाटले म्हणून एकत्रच उत्तर देतोय. सांगोल्याकडचे एक भाऊ स्वतः खाद्य बनवतात, मका आणि सोयाबीन पेंड दळून, त्यात गाईचं मिनरल मिक्श्चर टनाला १० किलो टाकतात, तरी तिसऱ्या आठवड्यात पक्ष्यांचे पाय बाहेरच्या बाजूला फिरायला लागलेत. निफाडच्या ताई कंपनीच्या करारावर पक्षी पाळतात, त्यांना मेडिकलवाल्याने चिलेटेड मिनरलचं (म्हणजे सेंद्रिय रेणूला बांधलेल्या धातूचं) लिक्विड दिलंय, पाण्यातून द्यावं का असं विचारतायत. आणि तिसरा प्रश्न तर पाच-सहा जणांचा सारखाच आहे, की मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि शेतात टाकतो ते झिंक सल्फेट कोंबडीच्या खाद्यात चालतं का.

ताईंचं आधी सांगतो कारण ते थोडक्यात आहे. कंपनीचं प्री-स्टार्टर, स्टार्टर, फिनिशर येतं त्यात ट्रेस मिनरल (अगदी थोडी लागणारी खनिजं) आधीच घातलेलं असतं, तेही गरजेपेक्षा थोडं जास्तच ठेवून. वरून परत पाण्यातून देऊन वजन वाढत नाही, पैसे जातात, आणि बोअरचं पाणी जड असलं तर लिक्विडातला भाग खाली बसून पाण्याच्या पाइपचे निप्पल चोंदतात तो ताप वेगळाच. लासोटा (राणीखेतची) किंवा गंबोरो रोगाची लस पाण्यातून द्यायची असेल त्या दिवशी तर असलं काही पाण्यात असताच कामा नये, तांबं-लोहाने लसीतला जिवंत विषाणू मरतो आणि लस वाया जाते. पक्ष्यांमध्ये खरंच काही दिसत असेल तर सुपरवायझरला फोटो पाठवा आणि खाद्याच्या गोणीवरचा बॅच नंबर कळवा. बाटली परत करा.

आता सांगोल्याच्या भावांकडे येऊ. इथे थोडा हिशोब करावा लागेल पण तो कळला की पुढचं सगळं सोपं होतं. किलोला मिलिग्रॅम म्हणजेच टनाला ग्रॅम, एवढं डोक्यात ठेवा. अमेरिकेच्या एनआरसीने (नॅशनल रिसर्च कौन्सिलने) १९९४ साली ब्रॉयलरची जी कमीत कमी गरज छापली ती अशी, एक किलो खाद्यात जस्त (झिंक) ४० मिलिग्रॅम, मँगनीज ६०, लोह ८०, तांबं ८, आयोडीन ०.३५ आणि सेलेनियम ०.१५. आजचा पक्षी तेव्हापेक्षा खूप झपाट्याने वाढतो म्हणून ब्रीडर कंपन्या जस्त आणि मँगनीज १०० च्या वर, तांबं १५-१६ आणि सेलेनियम ०.३ च्या आसपास धरायला सांगतात. आता मक्यात मँगनीज किती, तर किलोला जेमतेम ५ ते ७ मिलिग्रॅम, सोया पेंडीत ३०-४०. म्हणजे ६० टक्के मका आणि ३० टक्के पेंड घेतली तर सगळं मिळून १५ च्या जवळपास येतं. गाईच्या मिनरल मिक्श्चरच्या पिशवीवर बघा, मँगनीज साधारण ०.१२ टक्के लिहिलेलं असतं, तेव्हा टनाला १० किलो टाकून त्यातून मिळतं १२ ग्रॅम. झाले सत्तावीस. लागतात कमीत कमी साठ. गाईचं मिक्श्चर वाईट नाही हो, पण ते गाईसाठी बनवलंय, त्यात कॅल्शियम-फॉस्फरसच भरपूर असतं, आणि कोंबडीला मँगनीज गाईपेक्षा कितीतरी जास्त लागतं.

त्यात आणखी एक गोष्ट होते. मका आणि सोयाबीनमध्ये फायटेट असतं, ते जस्ताला धरून ठेवतं, आतड्यातून रक्तात जाऊ देत नाही, आणि खाद्यात कॅल्शियम जास्त झालं की ही पकड अजून घट्ट होते. भावांनी सांगितलं की पाय वाकडे दिसले म्हणून त्यांनी वरून शिंपल्याची भुकटी पण वाढवली. असं बरेच जण करतात, पायाचा त्रास म्हणजे कॅल्शियम कमी असं सगळ्यांच्या मनात पक्कं बसलंय. पण ब्रॉयलरला कॅल्शियम १ टक्क्याच्या आतबाहेर पुरतं, साडेतीन-चार टक्के लागतं ते अंड्याच्या कोंबडीला. जास्त कॅल्शियमने मँगनीज आणि जस्त दोन्ही अजून कमी पडतात, म्हणजे उपाय केला आणि त्यानेच त्रास वाढला. शिंपला आजच कमी करा.

पण पाय वाकडा म्हणजे मँगनीजच असं लगेच धरू नका, हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतोय. मँगनीज कमी पडलं तर पायाचं हाड आखूड आणि जाड राहतं पण कडक असतं, आणि हॉकच्या (पायाच्या मधल्या) सांध्यामागची जाड शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर, खोबणीतून एका बाजूला सरकते, सांधा सुजलेला आणि चपटा दिसतो, तिथून खालचा पाय बाहेर किंवा आत वळतो. याला पेरोसिस म्हणतात, १९३० च्या दशकात कॉर्नेलच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की यामागे मँगनीजची कमतरता असते. कोलीन किंवा बायोटिन कमी पडलं तरी हेच होतं, म्हणून घरी खाद्य बनवणाऱ्याने कोलीन क्लोराइड टाकतोय का तेही तपासावं. याउलट हाड हाताने वाकवलं आणि रबरासारखं वाकलं, चोचही मऊ लागली, तर तो मुडदूस, त्यात व्हिटॅमिन डी-३, फॉस्फरस, कॅल्शियमचं बघायचं. आणि सांधा गरम लागतोय, आत पू किंवा घट्ट पिवळं पाणी आहे, पक्षी एका जागी बसून राहतोय, तर जंतूंचा किंवा विषाणूचा आजार असू शकतो, तिथे मिनरलच्या नादात आठवडा घालवला तर शेड रिकामी व्हायची वेळ येते. तळपायाला काळ्या जखमा असतील तर आधी लिटर (शेडमध्ये खाली अंथरलेला तूस) हातात घेऊन दाबून बघा, ओलं असेल तर तूस बदला आणि ड्रिंकरची गळती बंद करा, जस्ताचा विचार त्यानंतर.

एक वाईट बातमीही द्यावी लागते, शीर एकदा सरकली की तो पाय परत सरळ होत नाही, कितीही महागडं लिक्विड पाजा. असे पक्षी वेगळे काढा, फीडर-ड्रिंकर त्यांच्या जवळ ठेवा आणि लवकर विकून टाका. सुधारणा होईल ती उरलेल्या पक्ष्यांत आणि पुढच्या बॅचमध्ये.

मग घालायचं काय, तर पोल्ट्रीचाच ट्रेस मिनरल प्रिमिक्स (आधीच मोजून मिसळलेली पावडर) घ्या, बहुतेक ब्रँडचा डोस टनाला अर्धा ते एक किलो असतो, पिशवीवर लिहिलेला असेल तोच धरा. घेताना मागची बाजू वाचा. जस्त आणि मँगनीज सल्फेट रूपात असेल तर उत्तम, नुसतं ऑक्साइड असेल तर टक्केवारी मोठी दिसते पण पक्ष्याच्या अंगी कमी लागतं. लोहाची फार काळजी करू नका, पेंडीतून आणि डीसीपीमधून (डायकॅल्शियम फॉस्फेट) भरपूर येतं. प्रिमिक्स एकदम टनभर मालात ओतून फावड्याने फिरवू नका, किलोभर पावडर अशी कधीच सारखी पसरत नाही, एका कोपऱ्यातल्या पक्ष्याला तिप्पट आणि दुसऱ्याला काहीच नाही. आधी १० किलो दळलेल्या मक्यात मिसळा, मग ते १०० किलोत, मग सगळ्यात, असं टप्प्याटप्प्याने करा, थोडा वेळ जास्त जातो पण अर्ध्या तक्रारी इथेच संपतात. व्हिटॅमिनचा प्रिमिक्स आणि मिनरलचा प्रिमिक्स एकत्र करून ठेवू नका, तांबं आणि लोहाने व्हिटॅमिनं खराब होतात, कोलीन तर हवेतला ओलावा ओढून घेतं. खाद्य बनवायच्या वेळीच एकत्र आणा. फायटेट तोडणारं फायटेज एन्झाइम वापरलं तर फॉस्फरसबरोबर थोडं जस्तही मोकळं होतं, परवडत असेल तर जरूर वापरा.

सेलेनियम मात्र सुटं आणून घरी मोजायचं नाही म्हणजे नाही. ०.३ च्या हिशोबाने टनभर खाद्याला सोडियम सेलेनाइट पाऊण ग्रॅमसुद्धा लागत नाही, आणि गरज आणि विष यात फार अंतर नसतं. कमी पडलं, त्यात व्हिटॅमिन ई पण कमी असलं, तर छातीच्या कातडीखाली हिरवट निळं पाणी साचतं, जास्त झालं तर पक्षी सरळ मरतात. ते प्रिमिक्समधून येतं तेवढंच घ्यायचं.

आता मोरचूद आणि शेतातलं झिंक. खताच्या दुकानातलं झिंक सल्फेट जमिनीसाठी आहे, त्यातले शिसं-कॅडमियमसारखे जड धातू खाद्याच्या कसोटीवर तपासलेले नसतात, आणि ते धातू कोंबडीच्या यकृतात नि मूत्रपिंडात साठतात, म्हणजे शेवटी आपल्याच ताटात. दोन पैसे वाचवायला हे करू नका. फीड ग्रेड लिहिलेलंच घ्या. मोरचुदाचं असं की त्यात तांबं २५ टक्के असतं, तेव्हा टनाला एक किलो टाकलं की खाद्यात २५० पीपीएम (किलोला मिलिग्रॅम) झालं, गरज आहे ८ ते १६ ची. जास्त तांब्याने वाढ चांगली होते असं जुन्या लोकांकडून ऐकलेलं असतं आणि ते अगदीच खोटं नाही, १२५ ते २५० पीपीएम वापरायची पद्धत होतीच. पण अंदाजाने मूठभर टाकलं आणि ५०० च्या पुढे गेलं की गिझार्डचं (कोंबडीच्या दाणे दळणाऱ्या पोटाचं) आतलं अस्तर सोलून निघतं, खाणं कमी, वजन कमी. युरोपात आता कोंबडीच्या पूर्ण खाद्यात तांबं २५ आणि जस्त १२० पीपीएमच्या वर चालत नाही, कारण पक्षी यातलं बहुतेक सगळं विष्ठेतून बाहेर टाकतो आणि ते जमिनीत साठत जातं. नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्यांनी याकडे खास लक्ष द्या, बागेत बोर्डो (मोरचूद-चुन्याची फवारणी) मारून मारून तांबं आधीच साठलेलं असतं आणि त्यात आपण ट्रकच्या ट्रक कोंबडी खत टाकतो. आणि मेंढपाळ भावांनो, मेंढीला तांबं अजिबात सोसत नाही, कोंबडीचं उरलेलं खाद्य किंवा लिटर मेंढ्यांपुढे टाकू नका, आधी महिनोन्महिने काही दिसत नाही आणि मग एकाएकी कावीळ होऊन मेंढ्या पडायला लागतात.

चिलेटेडबद्दल माझं मत विचारलंय. माल चांगला आहे, अंगी जास्त लागतो, म्हणून सल्फेट काढून त्याच्या जागी कमी प्रमाणात चिलेटेड घातलं तर वाढ तेवढीच मिळते आणि विष्ठेतून जमिनीत जाणारा धातू कमी होतो, हा त्याचा खरा फायदा. पण सल्फेट पूर्ण असताना वरून चिलेटेड म्हणजे खर्च दुप्पट. विदर्भ-मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये पक्षी खाणं कमी करतो, त्यामुळे मिनरलही कमी पोटात जातं, तेव्हा घरचं खाद्य बनवणाऱ्यांनी जस्त आणि सेलेनियमपुरतं ते वापरायला हरकत नाही. पंधराशे-दोन हजार पक्ष्यांच्या शेडला वर्षभर त्याची गरज मला दिसत नाही.

सांगोल्याच्या भावांनी एवढं करा. गाईचं मिक्श्चर बंद, पण त्यातलं कॅल्शियम-फॉस्फरस गेलं म्हणून डीसीपी आणि चुनखडीचा हिशोब नव्याने करून घ्या. दोन-तीन लंगडे पण जिवंत पक्षी आणि ओलं न झालेलं अर्धा किलो खाद्य घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, डॉक्टरांना पाय फाडून बघायला सांगा, त्यांना आजाराची शंका वाटली तर नमुना ते पुण्यातल्या औंधच्या रोग-तपासणी प्रयोगशाळेला पाठवतील. आणि इथून पुढे प्रत्येक वेळी खाद्य बनवलं की किलोभर नमुना पिशवीत बांधून, तारीख टाकून, ती बॅच विकली जाईपर्यंत जपून ठेवा.