फुकट दिसणाऱ्या चित्राचे पैसे कशाचे?

प्रश्न : मुलगा सांगतो, संगणकावरचं एक चित्र कोट्यवधींना गेलं. ते तर कुणीही उतरवून घेईल! मग पैसे कशाचे? – एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : ताई, ते बीपल या अमेरिकन संगणक-चित्रकाराचं असणार. 2007 पासून रोज एक, अशा 5,000 चित्रांचा पट. मार्च 2021 मध्ये क्रिस्टीज या लिलावघराच्या लिलावात 6 कोटी 93 लाख डॉलरना गेला. घेणाऱ्याच्या हाती आली फाईल आणि ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेल्या सामाईक नोंदवहीत, सातबाऱ्यासारखी नोंद. पैसे त्या एकमेव नोंदीचे. चित्र आजही कुणालाही फुकट बघता येतं.

उमेदीत मी लिथोग्राफ, म्हणजे दगडावर काढलेल्या चित्राच्या प्रती, छापायचो. 25 प्रती झाल्या की दगड घासून टाकायचा, प्रतीखाली पेन्सिलीनं 7/25, म्हणजे पंचविसातली सातवी, असं लिहायचं. टंचाई आम्हीही हातानंच करायचो की! पण भाव येतो तो पुढचं गिऱ्हाईक असेल तरच. माझी 7/25 अजून माळ्यावर आहे.