गाडी घाटात बंद पडते आणि शोरूमवाले म्हणतात, "काहीच सापडत नाही मॅडम"

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही साताऱ्याचे. मागच्या पाडव्याला नवीन पेट्रोल गाडी घेतली, ऑन रोड साडेअकरा लाख, त्यातलं आठ लाख लोन आहे. पहिले तीन महिने काही त्रास नव्हता, मग एक दिवस पुण्याहून येताना खंबाटकी चढत असताना गाडी चालू असतानाच बंद पडली. स्टेअरिंग जड झालं, ब्रेकचं पेडल दगडासारखं, मागे ट्रक आणि आत माझी दोन मुलं आणि सासूबाई. ह्यांनी कशीबशी कडेला घेतली. वीस मिनिटांनी सेल्फ मारला तर जणू काही झालंच नाही अशी चालू! त्यानंतर असं चार वेळा झालं. शोरूमला चार वेळा नेली, प्रत्येक वेळी दोन दिवस ठेवून घेतात आणि "काहीच सापडत नाही मॅडम" म्हणून धुऊन परत देतात. एकदा सॉफ्टवेअर अपडेट केलं म्हणाले, एकदा म्हणाले पेट्रोल खराब असेल, आणि शेवटच्या वेळी मॅनेजर ह्यांना म्हणाला की साहेब तुमची क्लच सोडायची सवय चुकते. हे बावीस वर्षं गाडी चालवतायत! आता गाडी दारात उभी आहे, हप्ता चालू आहे. हप्ता थांबवावा का? गाडी शोरूमच्या दारात सोडून यावी का? नातेवाईक म्हणतात व्हिडिओ करून टाका म्हणजे ताळ्यावर येतील.

उत्तर : ताई, आधी एक सांगतो, गाडी दारात उभी केलीत हे सगळ्यात शहाणपणाचं केलंत, ती तशीच उभी राहू द्या, "जवळच तर जायचंय" म्हणून कुणी किल्ली उचलणार नाही एवढं बघा. शोरूमला न्यायची वेळ आली तर रोडसाइड असिस्टन्सला फोन करून उचलून न्या, नव्या गाडीबरोबर ते बहुतेक वेळा फुकट असतं, आणि टोइंगची पावतीसुद्धा तुमचा पुरावा होते.

आणि पुन्हा कधी असं झालंच, या गाडीत नाहीतर दुसऱ्या कुठल्या, तर ब्रेक पंप करायचा नाही. साहेबांनी बहुतेक घाबरून दोनतीनदा दाबला असणार, सगळेच दाबतात. इंजिन बंद पडलं की ब्रेकच्या बूस्टरमध्ये साठलेली हवेची ओढ एकदोनदाच पुरते, म्हणून एकदाच जोर लावून दाबायचा आणि गाडी थांबेपर्यंत सोडायचा नाही. चढावर असाल तर थांबताच हँडब्रेक पण ओढा. स्टेअरिंग जड होतं पण फिरतं, दोन्ही हातांनी ओढायचं. गाडी चालत असताना चावी मात्र बाहेर काढायची नाही, स्टेअरिंग लॉक होईल.

आता तुमच्या चिठ्ठीतलं एक वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं, वीस मिनिटांनी गाडी आपोआप चालू झाली ते. गरम झाल्यावर बंद, गार झाल्यावर चालू, हे लक्षण आम्हा गॅरेजवाल्यांना चांगलं ओळखीचं आहे. क्रँक सेन्सर (इंजिन कसं फिरतंय ते कॉम्प्युटरला कळवणारा) गरम झाला की सिग्नल द्यायचा थांबतो, किंवा टाकीतला इंधन पंप अडकतो, किंवा एखादं रिले, म्हणजे विजेचा स्विच, नाहीतर वायरिंगचं कनेक्शन ढिलं असतं. नक्की काय ते मी साताऱ्याची गाडी न बघता इथे बसून सांगणार नाही, पण शोरूममध्ये का सापडत नाही ते सांगू शकतो. गाडी रात्रभर उभी असते, सकाळी पोरगं दोन किलोमीटर फिरवून आणतं, गाडी धड गरम पण होत नाही आणि कागदावर "ट्रायल ओके" पडतं. तुम्ही मागायचं ते हे, की स्कॅनर लावून, डेटा रेकॉर्डिंग चालू ठेवून, तासभर घाटात ट्रायल घ्या आणि आमच्यापैकी एक जण गाडीत बसणार. नाही म्हणाले तर नाही म्हणाले ते लिहून द्या म्हणायचं.

लिहून द्या, हाच माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा आहे. मी स्वतः सहा वर्षं एका डीलरकडे सर्व्हिस ॲडव्हायजर होतो, खोटं कशाला बोलू, मी पण जॉब कार्डवर, म्हणजे गाडी घेताना तक्रार लिहितात त्या कागदावर, "जनरल चेकअप" लिहिलेलं आहे जिथे गिऱ्हाईक ओरडून सांगत होतं की ब्रेक लागत नाही. कारण तीच तक्रार परत परत कंपनीच्या सिस्टीममध्ये गेली की डीलरचे मार्क कापले जातात, मग वरून फोन येतो, मग आमचा इन्सेन्टिव्ह जातो. म्हणजे समोरचा माणूस वाईट असतो असं नाही, पण तुमची तक्रार सौम्य शब्दात लिहिण्यात त्याचा फायदा असतो. तुमची चारही जॉब कार्डं आजच काढा आणि त्यावर काय लिहिलंय ते वाचा, मला भीती आहे की दोनतीन ठिकाणी "वॉशिंग आणि चेकअप" निघेल. पुढच्या वेळी तुमच्याच शब्दात लिहायला लावा, "चालू गाडी चालता चालता बंद पडते, स्टेअरिंग आणि ब्रेक जड होतो, जिवाला धोका", खाली किलोमीटर, तारीख, आणि सही करायच्या आधी फोटो. गाडी परत घेताना समाधानाच्या कागदावर सही मागतात तिथे स्वतःच्या हाताने लिहा, "दोष कायम आहे, हक्क राखून ताबा घेतला". आणि नंतर फोन येतो ना, दहापैकी दहा द्या मॅडम नाहीतर माझी नोकरी जाईल, तिथे विरघळू नका, ते दहा मार्क उद्या तुमच्याच विरोधात कोर्टात दाखवतील.

पेट्रोलचं म्हणाल तर चार वेळा चार पंपांवरचं पेट्रोल खराब निघेल का हो? पण पंपाच्या पावत्या जपा, आणि असं तोंडी म्हणणाऱ्याला टाकीतला नमुना आमच्यासमोर काढून तपासायला पाठवा असं ईमेलवर कळवा. पंपावर घनता बघायला आणि फिल्टर पेपरची टेस्ट मागायला आपल्याला हक्क आहे, फारसं कुणी मागत नाही एवढंच. क्लचच्या सवयीबद्दल मी काही बोलत नाही, छापता येणार नाही.

मग शोरूम सोडून वर जा. डीलर आणि कंपनी या दोन वेगळ्या पार्ट्या आहेत हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. गोव्यातल्या एका गिऱ्हाइकाला डीलरने २००९ ची वापरलेली गाडी २०११ ची नवी म्हणून विकली होती, ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०२१ मध्ये कोर्टाने सांगितलं की डीलरच्या या लबाडीला कंपनी जबाबदार नाही, दोघांचा व्यवहार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला असतो. तुमचं उलटं आहे, दोष गाडीत असेल तर तो कंपनीचा, टोलवाटोलवी डीलरची, म्हणून प्रत्येक ईमेल आणि पुढे नोटीस दोघांच्या नावाने. कस्टमर केअरला फोन केलात तरी तक्रार नंबर घ्या आणि त्याच दिवशी तेच ईमेलवर परत लिहा. कंपनीचा एरिया सर्व्हिस मॅनेजर येऊन गाडी बघू दे अशी मागणी करा, तो आला की डीलरचा आवाज बराच खाली येतो, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघितलंय.

दरम्यान गाडीचा चेसिस नंबर आरसीवरून घ्या आणि कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉल, म्हणजे दोषासाठी गाड्या परत बोलावणं, आहे का बघा. तुमच्यासारखीच भानगड आधी अनेकांची झालेली असते. होंडाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्वद हजारांवर जुन्या गाड्या इंधन पंपासाठी परत बोलावल्या, पंपातला पंखा सदोष असल्यामुळे चालती गाडी बंद पडू शकते म्हणून, आणि पंप फुकट बदलून दिले. नसेल रिकॉल तर तुम्ही तक्रार टाका. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये ११०अ हे कलम आलं, १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू आहेत, सात वर्षांच्या आतल्या गाडीतल्या धोकादायक दोषाची तक्रार सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर मालकाला करता येते, ठराविक टक्के तक्रारी जमल्या की सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. तुमच्या एकटीच्या तक्रारीने उद्या काही होणार नाही, पण मोजणीत एक आकडा पडतो.

सोबत १९१५ ला फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. बऱ्याच कंपन्या तिथून गेलेल्या तक्रारीला निदान उत्तर तरी देतात.

एवढ्यावर नाही हललं तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही साताऱ्यात राहता म्हणून साताऱ्यातच केस टाकता येते, शोरूम पुण्याचं असो की कोल्हापूरचं, ही सोय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिली. पन्नास लाखांपर्यंतची खरेदी जिल्ह्यात बसते, आणि दहा ते वीस लाखांच्या वस्तूला फी किती, तर ४०० रुपये. वकील लागतोच असं नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन टाकता येते, पण गाडीच्या केसमध्ये मी म्हणेन वकील करा, कारण खरी मारामारी तज्ज्ञाच्या रिपोर्टवर होते. "गाडी बंद पडते" एवढं म्हणून भागत नाही, दोष कारखान्यातला आहे हे दाखवायचं ओझं बहुतेक वेळा आपल्यावर येतं. कायद्याच्या ३८ व्या कलमात आयोगाने वस्तू लॅबकडे तपासायला पाठवायची सोय आहे, तसा अर्ज पहिल्याच तारखेला द्या, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजच्या ऑटोमोबाईलच्या माणसाकडून तपासणी होऊ शकते. हे न केल्यामुळे चांगल्या केसेस हरलेल्या मी बघितल्यात. मुदत दोन वर्षांची, पण वॉरंटी संपायची वाट कशाला बघता.

मागायचं काय? सगळे जण "नवी गाडी द्या नाहीतर पैसे परत" एवढंच लिहितात आणि तिथे फसतात. २००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचं कबूल केलंय, अख्खी गाडी नाही, आणि गिऱ्हाइकाला गाडीऐवजी भरपाई दिली. म्हणून पहिली मागणी गाडी बदलण्याची ठेवा पण तिच्याखाली दुसरी पण लिहा, भाग बदलून द्या, वॉरंटी वाढवा, गाडी उभी होती तितक्या दिवसांचं भाडं आणि मनस्तापाचे पैसे द्या. उलट बाजूचं पण सांगतो, २०२२ मध्ये एका ह्युंदाई क्रेटाची एअरबॅग अपघातात उघडली नाही म्हणून केस गेली, कंपनी वेगाची आणि धडकेच्या जोराची गणितं मांडत बसली, तर सुप्रीम कोर्टाने सरळ सांगितलं की गिऱ्हाईक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, आणि निकाल गिऱ्हाइकाच्या बाजूने कायम ठेवला. म्हणजे सुरक्षेचा मुद्दा असला की कोर्ट ऐकतं, तुमच्या अर्जात घाट, ट्रक, मुलं हे सगळं तारखेसह आलं पाहिजे.

हप्ता? अजिबात थांबवू नका. बँकेला गाडीतल्या दोषाशी काही देणंघेणं नाही, सिबिल तुमचं जाईल आणि वर गाडी उचलायला माणसं येतील. शोरूमच्या दारात सोडून पण येऊ नका, नुसती सोडली की ते पार्किंगचं बिल लावतात, ठेवायची तर जॉब कार्ड करून, ईमेलवर "दोष दूर होईपर्यंत ताबा घेणार नाही" असं लिहून ठेवा. व्हिडिओ करा पण जे घडलं तेवढंच बोला, चोर, फसवे असले शब्द नको, उगाच अब्रुनुकसानीची नोटीस अंगावर येते. गाढवं जुंपून गाडी शोरूमला नेणारे लोक आपण मोबाईलवर बघतो आणि हसतो, पण २०२४ मध्ये कलबुर्गीत एका वैतागलेल्या माणसाने स्कूटरचं शोरूमच पेटवलं, अटक झाली त्याला. राग समजतो हो, पण आत तोच गेला.

प्रश्न : वडिलांना इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन दिली, लातूरला. दीड वर्ष झालं, पुढच्या चाकाजवळ खड्ड्यात कटकट आवाज येतो आणि हँडल एका बाजूला ओढतं. डीलर दुकान बंद करून गेला, फोन लागत नाही. कंपनी म्हणते जवळचं सर्व्हिस सेंटर सोलापूर. आता काय?

उत्तर : सोलापूरला चालवत नेऊ नका, एवढं आधी वडिलांना सांगा, ते ऐकणार नाहीत म्हणून चावी तुमच्याकडे ठेवा. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दांडे, किंवा त्याचा सांधा गेला असला तर तो तुटायच्या आधी असाच आवाज करतो. फोर्क, चाकाचा नट आणि मधला जोड यांचे दिवसा उजेडात जवळून फोटो काढा, चीर दिसते का बघा.

डीलर पळाला म्हणून वॉरंटी पळत नाही, ती कंपनीची असते. विक्रीचं बिल, चेसिस नंबर आणि फोटो लावून कंपनीला ईमेल टाका की स्कूटर चालवण्यालायक नाही, लातूरहून उचलून न्यायची व्यवस्था तुम्ही करा, आणि तेच पत्र स्पीड पोस्टाने त्यांच्या नोंदणीकृत ऑफिसला पण पाठवा, पत्ता बिलावर नाहीतर वॉरंटी बुकात मिळेल. पंधरा दिवसांची मुदत द्या. नाही आले तर लातूरच्या आयोगात, पाच लाखांच्या आतल्या वस्तूला फी शून्य आहे. चौकातल्या मेकॅनिककडून फोर्क मात्र वेल्डिंग करून घेऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी, एक तर ते टिकत नाही आणि कंपनी नंतर तेच वेल्डिंग दाखवून हात वर करेल.