दिवसाच्या फोटोतून रात्र : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दुपारी चारच्या सुमारास काढलेला घराचा एक फोटो मी एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये रात्रीचा करून पाहिला. ब्राइटनेस पुष्कळ कमी केला, वरून गडद निळा रंग चढवला आणि दाराजवळच्या दिव्याला पिवळी छटा दिली. तरीही पाहणारा प्रत्येक जण ‘फोटो इतका काळा का आला?’ असेच विचारतो. मूळ आणि बदललेला असे दोन्ही फोटो सोबत पाठवत आहे. माझे नेमके कुठे चुकते आहे?

उत्तर : दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले. बदललेल्या फोटोत दाराच्या उजव्या अंगाला भिंतीवरचा दिवा पेटलेला आहे. त्याच्या अलीकडे, डाव्या बाजूला, भिंतीला टेकवून ठेवलेल्या सायकलीची सावली मात्र उजवीकडे, म्हणजे थेट दिव्याच्या दिशेने पडली आहे; आणि चाकाच्या तारा मोजता याव्यात इतकी ती रेखीव आहे. पाहणाऱ्याला हे कदाचित शब्दांत सांगता येणार नाही, पण डावीकडून आलेले ऊन त्याच्या डोळ्यांना जाणवतेच, आणि मग ही रात्र नसून काळवंडलेली दुपार आहे असे त्याचे मन ठरवून टाकते. म्हणून सॉफ्टवेअर उघडण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : या रात्री उजेड कुठून येतो आहे? त्याचे उत्तर ठरल्याशिवाय पुढचा कोणताही बदल करू नये, असे मला मनापासून वाटते.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली वाट चांदण्याची. सूर्य आणि चंद्र दोघेही आपल्याला आकाशात साधारण अर्ध्या अंशाएवढेच दिसतात, त्यामुळे टिपूर चांदण्यात पडणारी सावली उन्हातल्या सावलीइतकीच रेखीव असते. तेव्हा दाराजवळचा दिवा विझवून टाकला, तर सायकलीची सावली आहे तशी ठेवता येईल. चंद्र चौकटीच्या बाहेर, डावीकडे कुठेतरी आहे एवढेच पाहणाऱ्याने समजून घ्यायचे. दुसरी वाट दिव्याची. ती धरायची असेल, तर सायकलीची जुनी सावली हीलिंग किंवा क्लोन टूलने पुसून काढावी, भिंतीच्या वरच्या भागावर आलेला उन्हाचा पट्टा बाजूच्या भिंतीच्या रंगाशी मिळवून घ्यावा, आणि मगच नवी सावली डावीकडे रंगवावी. चाकाजवळ ती गडद व स्पष्ट असावी आणि दूर जाताना विरळ व धूसर होत जावी. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण रात्रीचा भास निम्म्याहून अधिक इथेच तयार होतो.

आता काळोखाविषयी. भर दुपारचे ऊन पौर्णिमेच्या चांदण्याच्या सुमारे ४ लाख पट तेजस्वी असते. कॅमेऱ्याच्या हिशेबात हा फरक १८ ते १९ स्टॉपचा होतो (एक स्टॉप उतरणे म्हणजे उजेड निम्मा करणे). तेवढा काळोख फोटोत आणण्याचा प्रश्नच नाही, कारण मग काहीच दिसणार नाही. आपल्याला रात्रीचे मोजमाप नको, रात्री डोळ्यांना जे जाणवते ते हवे आहे. (पौर्णिमेच्या रात्री कॅमेऱ्याने बराच वेळ उघडे राहून काढलेला फोटो तर निळ्या आकाशासह जवळजवळ दिवसासारखाच येतो, एवढे कॅमेरा आणि डोळा यांचे पाहणे वेगळे आहे.) त्यामुळे साधारण २ ते ३ स्टॉप उतरणे पुरते. त्यासाठी ब्राइटनेसची पट्टी न ओढता कर्व्ह्ज वापरावे, म्हणजे ० (काळा) ते २५५ (पांढरा) अशी उजळता दाखवणारी आणि हवी तशी वाकवता येणारी आलेखाची तिरकी रेषा : रेषेचे उजवीकडचे वरचे टोक खाली आणून २५५ च्या जागी १०० ते ११० पर्यंत उतरवावे, मधला भाग किंचित दाबावा, आणि डावीकडचे खालचे टोक अगदी शून्यावर न ठेवता ८ ते १० वर उचलून धरावे, म्हणजे सावलीतल्या वस्तू मिट्ट काळोखात बुडून न जाता अंधूकपणे का होईना, ओळखता येतात.

त्यानंतर आकाश वेगळे घ्यावे. दिवसाच्या फोटोत बहुधा आकाश हाच सर्वांत उजळ भाग असतो. दिवे लागलेल्या घराच्या फोटोत मात्र दिव्याजवळची भिंत आकाशापेक्षा उजळ दिसते. संपूर्ण फोटो एकाच मापाने अंधारा केला की हे नाते उलटत नाही, आणि तुमच्या फोटोतले आकाश भिंतीपेक्षा उजळ राहिले आहे ते त्यामुळेच. आकाशाची निवड करून त्याला स्वतंत्र कर्व्ह्ज द्यावे, वरच्या कडेला अधिक गडद आणि क्षितिजाकडे थोडे हलके. झाडाच्या पानांमधून दिसणारे आकाशाचे पांढरे ठिपके तेवढे विसरू नयेत. ते राहिले, तर सगळी मेहनत वाया जाते.

प्रश्न : चांदणे खरोखर निळे असते का? फोटोला किती निळी छटा द्यावी?

उत्तर : चांदणे म्हणजे चंद्राच्या पृष्ठभागावरून परतलेले ऊनच, आणि मोजून पाहिले तर ते उन्हापेक्षा किंचित पिवळसर भरते, त्याचे रंगतापमान (उजेडाच्या छटेचे माप; आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा-तांबूस) साधारण ४,१०० केल्विन धरतात, तर दुपारच्या उन्हाचे सुमारे ५,५००. निळेपणा आपल्या डोळ्यांत असतो. भरपूर उजेडात डोळ्यांतल्या शंकुपेशी काम करतात आणि त्यांची एकत्रित संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पिवळसर हिरव्या रंगाला, सर्वाधिक असते. अंधारात दंडपेशी पुढे होतात आणि त्यांचा भर ५०० नॅनोमीटरच्या जवळ, म्हणजे निळसर हिरव्याकडे, सरकतो. दंडपेशींना रंग वेगवेगळे ओळखता येत नाहीत आणि तांबडा तर त्यांना जवळजवळ दिसतच नाही. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे फुलांवरून लक्षात आले : उन्हात पानांपेक्षा उठून दिसणारी लाल फुले पहाटेच्या अंधूक उजेडात पानांपेक्षा काळी दिसत होती. या बदलाला आजही त्यांचेच नाव आहे.

याचा अर्थ असा की वरून निळा रंग फासण्याआधी सर्व रंगांचे सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, उतरवावे, आणि तांबड्या व नारिंगी रंगांची उजळता वेगळी घेऊन आणखी कमी करावी. लाल कौले, लाल कुंडी, लाल साडी हे सगळे रात्री जवळपास काळे झाले पाहिजे. पाने थोडी उजळ राहिली तरी चालतात. एवढे केल्यावर व्हाइट बॅलन्स, म्हणजे संपूर्ण फोटोची पिवळी-निळी छटा ठरवणारी पट्टी, निळ्याच्या दिशेने थोडासा सरकवला तरी पुरते. चित्रपटांत दिवसा रात्रीचे दृश्य टिपताना छायालेखक हेच करत आले आहेत : स्टुडिओतल्या दिव्यांसाठी बनवलेली, ३,२०० केल्विनला जुळणारी फिल्म फिल्टर न लावता उन्हात वापरायची, म्हणजे दृश्य निळसर येते, आणि एक्स्पोजर दोनएक स्टॉप कमी द्यायचे. ‘डे फॉर नाइट’ या नावाने ही रीत ओळखली जाते. गडद शाईसारखा निळा रंग मात्र टाळावा. माणसाच्या चेहऱ्यावर तो फार वाईट दिसतो.

प्रश्न : खिडक्यांत आणि दिव्यांत उजेड दाखवण्यासाठी मी पिवळ्या रंगाचा ब्रश वापरतो. पण तो उजेड वाटत नाही, कागदाचा पिवळा तुकडा चिकटवल्यासारखा दिसतो.

उत्तर : रंग वरून लावला की खालचा पोत झाकला जातो, म्हणून तसे दिसते. त्याऐवजी उजेड मूळ फोटोतूनच परत आणावा. खाली दिवसाचा मूळ फोटो ठेवावा, वर त्याचीच अंधारी केलेली प्रत ठेवून तिला मास्क (वरच्या प्रतीचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारा पडदा; त्यावर काळा रंग लावला की तिथे खालचा फोटो दिसतो) द्यावा, आणि जिथे दिव्याचा उजेड पडायला हवा तिथे त्या मास्कवर अगदी मऊ काळ्या ब्रशने, दहा-पंधरा टक्के ओपॅसिटी (रंगाचा दाटपणा) ठेवून, हळूहळू घासत जावे. भिंतीचा गिलावा, त्यातल्या भेगा, दाराच्या लाकडाच्या रेषा जशाच्या तशा उजळून वर येतात, आणि हे होताना पाहण्यात जो आनंद आहे तो मला इतकी वर्षे झाली तरी कमी झालेला नाही. मग तेवढ्याच भागावर नारिंगी-पिवळी छटा द्यावी. साध्या बल्बचा उजेड सुमारे २,७०० केल्विनचा असतो आणि मेणबत्तीचा १,९०० च्या आसपास, म्हणजे आणखी तांबूस.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. एक म्हणजे, पेटलेला बल्ब स्वतः जवळजवळ पांढरा दिसतो आणि रंग त्याच्या भोवतीच्या भिंतीवर दिसतो. तुमच्या ब्रशने नेमके उलटे होते. दुसरी अशी की उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. दिव्यापासून १ मीटरवर जेवढा उजेड असेल त्याचा चौथा हिस्सा २ मीटरवर आणि नववा हिस्सा ३ मीटरवर पोहोचतो. म्हणून दिव्याजवळ झपाट्याने उतरणारा आणि पुढे लांबवर रेंगाळणारा असा उतार ठेवावा, एकसारखे गोल वर्तुळ ठेवू नये.

खिडकीचे काम अधिक नाजूक आहे, कारण दिवसा काचेत बाहेरचे आकाश किंवा झाड उमटलेले असते आणि आत दिवा लावल्यावर ते दिसता कामा नये. प्रतिबिंब पुसून तिथे आतल्या खोलीचा थोडा तरी भास द्यावा : पडद्याची घडी, कपाटाची कड, काहीही चालेल. उजेड खिडकीच्या चौकटीच्या आतल्या कडांवर आणि खालच्या जमिनीवरही सांडलेला दिसला पाहिजे. सगळ्याच खिडक्या पेटवू नयेत, आणि पेटवलेल्यांची तीव्रताही एकसारखी असू नये.

प्रश्न : आकाशात चंद्र टाकताना त्याचा आकार किती असावा?

उत्तर : तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच लहान. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर (ज्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो) ५० मिलिमीटरची लेन्स असेल, तर पूर्ण चंद्र फोटोच्या रुंदीच्या सुमारे ऐंशीव्या भागाएवढा येतो. म्हणजे ४,००० पिक्सेल रुंद फोटोत त्याचा व्यास जेमतेम ५० पिक्सेल भरतो. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची लेन्स अधिक रुंद दृश्य टिपते, त्यामुळे तिथे तो याच्याही निम्म्याने असतो. थोडा मोठा केला तर कुणी तक्रार करणार नाही, पण दूरचे जवळ आणणाऱ्या टेलिफोटो लेन्सने टिपलेला थाळीएवढा चंद्र अंगणाच्या रुंद फोटोत बसवला की दृश्य खोटे पडते. चंद्र समोर दिसत असेल, तर सावल्या पाहणाऱ्याकडे आल्या पाहिजेत. चंद्रकोर टाकली असेल, तर तिच्या अंधाऱ्या भागात चांदण्या दिसू देऊ नयेत, कारण तिथे चंद्रच आहे आणि त्याच्या मागचा तारा दिसू शकत नाही.

प्रश्न : एका बटणावर रात्र करून देणारी सोय असताना एवढे कष्ट का घ्यावेत? शिवाय माझ्याकडे विकतचे सॉफ्टवेअर नाही.

उत्तर : फोटोशॉपच्या कलर लुकअपमध्ये ‘नाइट फ्रॉम डे’ आणि ‘मूनलाइट’ असे तयार पर्याय आहेत आणि प्राथमिक रंगासाठी ते मीही अधूनमधून लावून पाहतो. पण ते फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलचा फक्त रंग पाहतात. सावली कोणती, खिडकी कोणती हे त्यांना कळत नाही, म्हणून वर सांगितलेले काम तुमच्याकडे उरतेच. ते काम मोफत मिळणाऱ्या गिंपमध्येही पूर्ण होते, कारण त्यासाठी लागणारे लेअर, मास्क आणि कर्व्ह्ज त्यात आहेत.

सॉफ्टवेअरपेक्षा मूळ फाइलची काळजी अधिक घ्यावी. जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगवाहिनीला (लाल, हिरवा, निळा) उजळतेच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती जशीच्या तशी साठवणाऱ्या फाइलमध्ये, १६,३८४. मोकळे आकाश गडद करताना जेपेगमधल्या थोड्या पायऱ्या आणखी आवळल्या जातात आणि आकाशात पट्टे उमटतात. शक्य असेल तर रॉमध्येच फोटो काढावा आणि १६ बिटमध्ये काम करावे. हाताशी जेपेगच असेल, तर सर्वांत शेवटी आकाशावर एक-दोन टक्के नॉइज टाकावे; पट्टे मोडतात आणि रात्रीच्या फोटोत असतो तसा बारीक दाणाही मिळतो. फोटो छापायचा असेल, तर आधी स्क्रीनचा प्रकाश मध्यम करून पाहावे आणि एक लहान प्रत काढून बघावी, कारण स्क्रीनवर जेमतेम दिसणारी सायकल कागदावर बहुधा काळोखात नाहीशी झालेली असते.