सात वर्षांच्या बुजऱ्या मुलासाठी धाडस, दयाळूपणा आणि 'आहेस तसाच राहा' हे शिकवणारी मराठी पुस्तकं कोणती?

मुलगा हळवा आहे, वर्गात तोंड उघडत नाही, कुणी ढकललं तर गप्प बाजूला होतो, असं तुम्ही लिहिलंय. त्याला धीट करणारी पुस्तकं हवीत, आणि 'तू आहेस तसाच छान' हे पटवणारीही हवीत. आता तो आहे तसा छान असेल तर त्याला धीट करायची एवढी घाई कुणाला झालीय? तुम्हाला की घरातल्या आणखी कुणाला? आमच्या घरात हाच वाद कितीतरी वर्षं चाललाय, म्हणून विचारते. राग मानू नका.

नावं सांगते, पण आधी काय घेऊ नका ते सांगते. ज्या पुस्तकाच्या कव्हरवर 'धाडसाच्या गोष्टी', 'संस्कारक्षम कथा', 'मूल्यशिक्षण' असलं काही छापलंय ते उचलू नका. अर्धं पान गोष्ट आणि खाली चौकटीत तात्पर्य. पोरं हुशार असतात हो. आधी चौकट वाचतात, आणि मग गोष्ट कशाला वाचतील? आमच्या मोठ्या भावजींनी माझ्या मुलाला असला एक संच दिला होता, सोनेरी अक्षरांचा, पुठ्ठ्याच्या खोक्यातला. धाडसाचं पुस्तक वेगळं, दयेचं वेगळं, प्रामाणिकपणाचं वेगळं. पोरानं खोकं रिकामं केलं आणि त्यात गोट्या ठेवल्या.

आम्ही सोलापूरचे. घरात शाळांचे गणवेश शिवायचा धंदा. खाली मशिनी, वर आम्ही, मधल्या मजल्यावर भावजींचं बिऱ्हाड. मुलगा तिसरीत असताना शाळेनं शौर्यकथा सांगायची स्पर्धा ठेवली, वेशभूषेसकट. भावजींनी परस्पर ठरवून टाकलं की हा मावळा होणार. कागदी ढाल-तलवार घेऊनही आले. मावळा नको असेल तर आपल्या चार हुतात्म्यांवर बोलू दे म्हणाले. सोलापूरचे चौघे १९३१ च्या जानेवारीत येरवड्यात फासावर गेले. त्यांच्यावर बोलावं, जरूर बोलावं, माझी काही ना नव्हती. पण पोराच्या डोक्यात तिसरंच होतं. माझे सासरे त्याला भैय्या चौकाजवळच्या कोटणीस स्मारकात घेऊन गेले होते आणि तेव्हापासून त्याचं एकच चाललं होतं, मी डॉक्टर कोटणीस होणार.

सोलापुरात डॉ. कोटणीस वेगळे सांगावे लागत नाहीत. तुम्ही बाहेरचे असाल म्हणून थोडक्यात लिहिते. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १९१० चा, आमच्या गावचा. जपाननं चीनवर हल्ला केला तेव्हा काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक तिकडं पाठवलं, १९३८ साली. त्यात हे होते. बाकीचे यथावकाश परतले, हे तिथंच राहिले. १९४० मधल्या एका लढाईत झोप न घेता सलग ७२ तास जखमींवर शस्त्रक्रिया करत होते असं सांगतात. तिथल्याच एका नर्सशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि तो काही महिन्यांचा असतानाच, ९ डिसेंबर १९४२ ला, हे गेले. वय अवघं ३२. व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर सिनेमाही काढला.

वर्गशिक्षिकेला विषय सांगितला तर त्या म्हणाल्या, "छान आहे, पण यात लढाई कुठंय?" म्हटलं, बाई, लढाई आहेच की, फक्त आपला माणूस कुणाला मारत नाहीये. त्यांना काही ते पटलं नाही, पण नावावर काट मारली नाही एवढं खरं.

कोट मीच शिवला. पांढऱ्या शर्टिंगचा कटपीस पडला होता, त्यातून. तो पुरेना, म्हणून पाठीत जोड द्यावा लागला आणि बाह्या मनगटाच्या वरच राहिल्या. खिसा मात्र त्यानं मोठा मागून घेतला, पट्ट्या ठेवायला. खऱ्या बँडेजच्या पट्ट्या. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून त्याच्या आजोबांनी आणून दिल्या.

स्पर्धेला आधी सगळे मावळे होऊन गेले. तलवारी फिरल्या, 'हर हर महादेव' झालं, टाळ्या पडल्या. मग आमचा. बारीक आवाज, माईक उंच. कुणीतरी येऊन माईक खाली केला. पाठ केलेलं नीट चाललं होतं. मग चीनमध्ये असताना वडील गेल्याची बातमी आली तरी कोटणीस परतले नाहीत, या वाक्याला आला आणि थांबला. मी पुढचं वाक्य ओठांनी सांगत होते, पण तो माझ्याकडं बघतच नव्हता. आणि एकदम म्हणाला, "मी असतो तर परत आलो असतो. माझे पप्पा गेले असते तर मी आलो असतो बे."

आमच्या सोलापुरी 'बे'सकट. अख्खा हॉल हसला. परीक्षक हसले, बाईंनी कपाळाला हात लावला. तो जरा वेळ तसाच उभा राहिला, मग म्हणाला, "पण ते आले नाहीत, कारण तिथं पेशंट होते." आणि उरलेलं सगळं सांगून खाली उतरला. रडला नाही. खिशातल्या पट्ट्या काढायच्या राहिल्या म्हणून हळहळला तेवढा.

बक्षीस नाही, उत्तेजनार्थसुद्धा नाही. रात्री जेवताना भावजी सुरू झाले. घराण्याचं नाक कापलं, भर सभेत 'मी पळून आलो असतो' म्हणाला, तुम्ही बायकांनी पोराला मऊ करून ठेवलंय. मी भाकरी वाढत होते. म्हटलं, पळून नाही म्हणाला, परत आलो असतो म्हणाला. आणि एवढ्या माणसांसमोर, परीक्षक समोर बसलेले असताना, पाठ केलेलं सोडून मनातलं खरं बोलायला छाती लागते. तुम्ही बोलून दाखवा एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये. आमचे हे शेंगाचटणीत तेल ओतत बसले. एवढं तेल कुणी खातं का? पण त्यांना वर बघायचं नव्हतं.

मग भावजींनी ठेवणीतलं काढलं. 'श्यामची आई.' श्याम पोहायला जायला घाबरून लपून बसतो, तेव्हा आई त्याला शिंपटीनं फोडून काढते आणि विहिरीवर पाठवते. बघा, साने गुरुजींनी सुद्धा सांगून ठेवलंय, धीट करायचं तर असं.

इथं माझं डोकं फिरलं आणि अजूनही फिरतं, कारण हे वाक्य मी पुढं कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलं. अहो, ते प्रकरण पुढं वाचा की! श्याम पोहून येतो तेव्हा तीच आई त्याला जवळ घेते, दही खायला देते, का मारलं ते समजावून सांगते. लोक माझ्या मुलाला भित्रा म्हणतील, हे तिला सहन होणार नव्हतं. मार लक्षात ठेवायचा आणि दही विसरायचं, असं कसं चालेल? आणि एक गोष्ट. हे पुस्तक गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आई जाऊन बरीच वर्षं झाल्यावर. मोठा झालेला मुलगा आईला आठवून रडतोय, असं ते पुस्तक आहे. एवढं रडणारं पुस्तक हातात धरून 'मुलानं रडू नये' म्हणून सांगायचं, ही कमाल फक्त आमच्या घरातच होऊ शकते.

माझं मत विचाराल तर 'श्यामची आई' सातव्या वर्षी देऊच नका. अकरा-बारा होऊ दे. तेव्हा दही पण दिसतं.

आता नावं. सात वर्षांच्या पोराला माधुरी पुरंदरे आणून द्या. ज्योत्स्ना प्रकाशनाची आहेत पुस्तकं, चित्रंही त्यांचीच. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालाय त्यांना, पण पोराला त्याचं काय! त्यांच्या पुस्तकातली मुलं कंटाळतात, रुसतात, हट्ट करतात, आणि शेवटी कुणी येऊन कान पिळत नाही. तुमच्या मुलाला स्वतःसारखं कुणीतरी पुस्तकात भेटणं जास्त गरजेचं आहे. शूरवीर काय, रोज टीव्हीवर भेटतात.

'तोत्तोचान' तुम्ही वाचून दाखवा, रोज थोडं थोडं. तेत्सुको कुरोयानागी यांचं मूळ जपानी पुस्तक १९८१ चं, मराठी चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलंय, नॅशनल बुक ट्रस्टचं आहे म्हणून किंमतही परवडते. एका शाळेतून काढून टाकलेली मुलगी नव्या शाळेत येते. तिथले मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी तिचं बोलणं तासन् तास ऐकत बसतात. तुमचा मुलगा वर्गात बोलत नाही म्हणता ना? तो भाग वाचून बघा आणि त्याच्या बाईंनाही वाचायला द्या.

त्यात झाडावर चढायची एक गोष्ट आहे. तोत्तोचानच्या वर्गात पोलिओ झालेला मुलगा असतो, झाडावर कधीच न चढलेला. ही त्याला आपल्या झाडावर पाहुणा म्हणून बोलावते, घरी कुणाला न सांगता. साधी शिडी लावून जमत नाही, मग ही दुसरी घोडाशिडी ओढत आणते, त्याला खालून ढकलते, वरून खेचते. घामाघूम होतात दोघं. एवढीशी पोरगी, तिला हे झेपणारं नाही, पण करते. यात धाडस कुठलं आणि माया कुठली, वेगळं काढून दाखवा. सोनेरी संचवाल्यांनी याची दोन पुस्तकं केली असती.

फर्डिनांड नावाच्या बैलाची गोष्ट तुम्हीच मराठीत सांगा, सोपी आहे. मन्रो लीफ यांची, १९३६ ची. बाकीचे बैल टकरा घेतात, हा झाडाखाली बसून फुलं हुंगतो. मधमाशी चावल्यावर उधळतो म्हणून लोकांना वाटतं हा भलताच खुनशी, आणि त्याला झुंजीच्या मैदानात नेतात. तिथंही हा बसून बायकांच्या केसांतली फुलं हुंगत राहतो. शेवटी परत आणून सोडावं लागतं. माझा मुलगा ही गोष्ट ऐकून भावजींना 'तुम्ही दुसरे बैल' म्हणाला होता. ते जाऊ दे.

थोडा मोठा झाला की भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. हा माझा आणि भावजींचा एकमेव समेट. फक्त ते त्याला शूर म्हणून देतात आणि मी तो फुरसुंगीचा किडकिडीत पोरगा आहे म्हणून देते. बनेश, म्हणजे हाच फास्टर फेणे, घाबरतो, फसतो, आणि डोकं चालवून सुटतो. विंदांच्या बालकविता मोठ्यानं म्हणायला ठेवा. बुजऱ्या मुलाला गोष्ट सांगायला लावण्यापेक्षा गमतीची कविता म्हणायला लावणं सोपं, कारण त्यात चुकलं तरी कुणाला कळत नाही. पैसे घालायचे नसतील तर बालभारतीचं 'किशोर' बघा. १९७१ पासूनचे अंक इंटरनेटवर फुकट आहेत. स्टोरीवीव्हर या वेबसाइटवरही मराठी चित्रपुस्तकं फुकट मिळतात. काही भाषांतरं ओबडधोबड आहेत, आधी स्वतः वाचा.

आणि वाचून झाल्यावर 'मग काय शिकलास?' असं विचारू नका. अगदी जिभेवर आलं तरी गिळा.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. मी शिक्षिका नाही, गणवेश शिवणारी बाई आहे. मुलगा घरी भरभरून बोलतो आणि शाळेत महिनोन्महिने एक शब्दही काढत नाही, असं असेल तर पुस्तकं नंतर, आधी डॉक्टरांना दाखवा. आणि दुसरं, माझ्या मुलाकडं बघून या यादीवर विश्वास ठेवणार असाल तर थांबा. तो आता आयटीआय करून वायरमन झालाय आणि पेपरात क्रिकेटचं पान सोडून काही वाचत नाही. पुस्तकांनी तो डॉक्टर झाला नाही. गप्पच असतो अजून, पण चुकीचं दिसलं तर मालकाच्या तोंडावर सांगतो, आणि त्यापायी एक नोकरी गेलीय. भावजींच्या मते हा माझाच प्रताप. असेल.

परवा भावजींनी स्वतःच्या नातवाला संच आणला. तोच, सोनेरी अक्षरांचा, आता प्लॅस्टिकच्या खोक्यात. त्यांची सून वर येऊन माझ्याकडची 'तोत्तोचान' मागून घेऊन गेली. जाताना म्हणाली, काकू, याला कव्हर घालून द्या ना, वहीसारखं. मी गणवेशाच्या कापडाचं घालून दिलं.