पुढच्या काळात व्हिडिओ कॉलवरच्या गप्पा समोरासमोर बसल्यासारख्या होतील का?

चित्र आणि आवाज तसे होतील, पण दूर देशातल्या माणसाशी बोलण्याची लय पूर्णपणे तशी होणार नाही. कारण वेगाचं आहे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या 10 भाषांच्या अभ्यासात प्रश्न आणि उत्तर यांमधलं अंतर सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास निघालं. म्हणजे डोळ्याची पापणी लवते तेवढंच. कॉल ज्या केबलमधून जातो, तिच्या काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर सुमारे 13,500 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान 135 मिलिसेकंद प्रवासातच गेले, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. त्यात कॅमेरा, व्हिडिओचं कॉम्प्रेशन, वायफाय यांची भर. म्हणून आजी "जेवलास का रे?" विचारते, उत्तर येत नाही असं वाटून पुन्हा विचारते, आणि तेवढ्यात नातवाचं "हो" मध्येच आदळतं. यात कुणाचा उतावीळपणा नसतो. प्रवासात जाणारा हा वेळ कुठलंही नवं यंत्र पूर्णपणे मिटवू शकणार नाही.

आज करता येण्यासारखं:
- ब्लूटूथ किंवा स्पीकरऐवजी वायरचे इअरफोन लावा. ब्लूटूथमुळे उशीर वाढतोच, आणि स्पीकरवर प्रतिध्वनी दाबताना सॉफ्टवेअर एकाचा आवाज कापतं.
- समोरच्याची खिडकी कॅमेऱ्याच्या अगदी खाली सरकवा, नजर बरीचशी जुळते.
- प्रश्न विचारल्यावर पूर्ण एक सेकंद थांबा.

एकाच शहरातल्या कॉलला मात्र अंतराची ही अडचण नाही. तिथे उशीर यंत्रांचाच असतो आणि तो कमी होत जाईल.