फरक, अंतर, भेद, तफावत: कुठे कोणता शब्द?

फरक, अंतर, भेद आणि तफावत या सगळ्यांचा अर्थ एकच दिसतो, मग कुठला कधी वापरायचा, असं तुम्ही विचारलंय. अर्थ एकच नाही. चुकीच्या शब्दानं माणूस किती दुखावतो ते मी पाहिलंय, म्हणून तिथूनच सांगतो.

आमच्या हाउसिंग सोसायटीचा वार्षिक अहवाल मी लिहिला होता. आमची वही आणि बँकेचं पासबुक यांच्या शिलकीत 4,500 रुपये जुळत नव्हते, कारण एक चेक वटायचा राहिला होता. मी लिहिलं, ‘शिलकीत 4,500 रुपयांची तफावत आढळली.’ सभेत हे वाक्य वाचलं गेलं आणि खजिनदार काकांचा चेहराच उतरला. ‘म्हणजे पैसे मी खाल्ले का?’ एवढंच ते म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. जे आकडे जुळायलाच हवेत ते जुळत नाहीत, तेव्हा आपण तफावत म्हणतो. सातबाऱ्यावरचं क्षेत्र एक आणि मोजणीत भरलं दुसरंच, ही तफावत. कुणाची तरी चूक किंवा लबाडी असणार, असा संशय त्या शब्दात येतोच. मी साधं ‘फरक’ लिहून पुढे चेकचं कारण द्यायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी काकांच्या घरी जाऊन माफी मागितली.

फरक कुणाला टोचत नाही. औषधानं फरक पडतो, महागाई भत्त्याचा फरक खात्यात जमा होतो. अडलात की हाच वापरा. अंतर मोजायचं असतं, दोन गावांमधलं किंवा दोन भावंडांच्या वयातलं. (‘अंतर देणं’ मात्र निराळं, ते म्हणजे एखाद्याला सोडून देणं.)

भेद जपून वापरा. संस्कृतातल्या ‘भिद्’ म्हणजे फोडणे या धातूपासून तो आलाय. साम, दाम, दंड, भेद यातला भेद तोच. मुलात आणि मुलीत फरक असतो हे वर्णन झालं, पण त्या घरात मुलामुलींत भेद करतात म्हटलं की ती तक्रार झाली. इतिवृत्तात म्हणूनच मी आता ‘मतभेद’ सहसा लिहीत नाही. भांडण झालं नसेल तर ‘मतभिन्नता’ पुरते.

आणि ‘वेगळे’ लिहितानाही थांबा. ‘तिघे भाऊ वेगळे आहेत’ म्हणालात तर गावाकडचा माणूस विचारेल, वाटण्या कधी झाल्या? स्वभावाबद्दल बोलायचं असेल तर ‘तिघांच्या तीन तऱ्हा’ म्हणा.