‘अटोनमेंट’च्या शेवटी लेखकाने वाचकाला फसवलं, असं तुम्हाला वाटलं नाही का? आणि ब्रायनीला माफ करायचं का?

फसवलं वगैरे काही नाही. (कादंबरी न वाचलेल्यांसाठी: ब्रायनी आपली बहीण सिसिलिया हिच्या प्रियकरावर, रॉबीवर, खोटा आळ घेते, आणि शेवटी कळतं की त्या दोघांची ही गोष्ट म्हातारी ब्रायनीच लिहितेय.) ‘एवढी पानं गुंतवून ठेवून शेवटी म्हणते की ते दोघं पुन्हा भेटलेच नाहीत, मग मी वाचलं कशाला?’ असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय. हा राग समजतो. पण लेखक इअन मॅकयुअनने पत्ते टेबलावर उघडे ठेवले होते, आपण बघितले नाहीत.

तिसऱ्या भागात ब्रायनीला एका मासिकाच्या संपादकाचं पत्र येतं, ते परत काढून वाचा. तिने पाठवलेली कथा तो साभार परत करतोय. तो म्हणतो, चीनमधली मिंग काळातली फुलदाणी इतकी मौल्यवान, ती कोणी घराबाहेर कारंज्यापाशी नेईल का? दुसरी कुठली तरी घ्या. शिवाय त्या लहान मुलीने जे बघितलं त्याचा तिने चुकीचा अर्थ लावला, मग त्यातून त्या जोडप्याचं काही वाटोळं होतं असं दाखवता येणार नाही का? आता पहिल्या भागात जा. फुलदाणी माइसेनची, म्हणजे जर्मन चिनीमातीची आहे. आणि वाटोळं तर झालेलंच आहे. म्हणजे आपण विश्वासाने जो पहिला भाग वाचला तो या पत्रानंतर दुरुस्त केलेला खर्डा आहे, आणि लिहिणारी तीच आहे. शेवट यायला अजून बराच अवकाश असताना हे सांगून टाकलंय. दुसऱ्या महायुद्धात माघार घेणाऱ्या ब्रिटिश सैन्याबरोबर फ्रान्समधल्या डंकर्कच्या वाटेवर असलेला रॉबी इतका जवळून दिसतो तेव्हाही विचारायला हवं होतं, की हे पाहिलं कोणी? ब्रायनी तर तिथे नव्हती.

१९३५च्या त्या रात्री ब्रायनीच्या मावसबहिणीवर, लोलावर, बलात्कार झाला, तेव्हा तेरा वर्षांच्या ब्रायनीला अंधारात फक्त एक आकृती दिसली होती. बाकी तिने मनात जुळवलं: कारंज्यापाशी पाहिलेलं, चोरून वाचलेली चिठ्ठी, लायब्ररीत जे दिसलं ते. आणि पोलिसांना सांगितलं, मी त्याला पाहिलं. मोलकरणीचा मुलगा रॉबी तुरुंगात गेला, खरा गुन्हेगार, चॉकलेटवाला पॉल मार्शल, सुटला. पुढे जन्मभर ती तेच काम करते, मोकळ्या जागा भरायचं. फक्त आता ती त्या दोघांच्या बाजूने भरते. माझ्या मते सगळी कादंबरी एवढ्यातच आहे. जिने वाट लावली त्याच कल्पनाशक्तीकडे आता प्रायश्चित्ताचं काम आलंय, आणि ते तिच्याने होणार नाही हे तिलाही माहीत आहे. सगळ्यांचं काय होणार हे ठरवणारी जर तीच, तर तिने माफी मागायची कोणाकडे, असं ती शेवटी स्वतःच विचारते.

आता मी एवढ्या तावातावाने का लिहितेय ते सांगते.

माझे वडील गेले तेव्हा मी सांगलीत त्यांच्याजवळ होते, मोठा भाऊ पुण्यात. शेवटच्या संध्याकाळी त्याचा फोन आला. बाबांच्या घशात नळी होती, बोलणं शक्यच नव्हतं, पण ऐकू येत असेल म्हणून नर्सला विचारून मी फोन त्यांच्या कानाशी धरला. दादा म्हणाला, “बाबा, निघालोय, साताऱ्याजवळ आलोय.” मागे टीव्हीवर मॅचची कॉमेंट्री चालू होती आणि कुकरची शिट्टी झाली. मी काही बोलले नाही. पहाटे बाबा गेले, दादा त्यानंतर पोचला.

तेराव्याला आलेल्या लोकांना तो सांगत होता, “बोलणं झालं माझं. म्हणाले, सावकाश ये, घाई करू नकोस.” मी ऐकून घेतलं. म्हटलं, माणूस खचलाय. पण दर खेपेला ती गोष्ट वाढत गेली. दिवाळीत बाबांनी त्याला घराकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं. वर्षश्राद्धाला मामांच्या पुढ्यात त्यात आणखी एक वाक्य आलं, “धाकटीला सांभाळ.” ते सांगताना त्याच्या डोळ्यात पाणी होतं, आणि ते खरं होतं, हे मी शपथेवर सांगेन. तोवर त्याला बाबांचा आवाज खरोखर ऐकू यायला लागला असणार.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. वहिनीला म्हटलं, “वहिनी, बाबांच्या घशात नळी होती.” ती वाटपाचं आलं सोलत होती. वर न बघता म्हणाली, “माहितेय मला. कुकर मीच लावला होता.”

मग म्हणाली, “त्यांना एवढं तरी राहू दे. तुम्हीच ते पुस्तक दिलंत ना मला? त्या बाईला रडून रडून माफ केलंत, आणि सख्ख्या भावाला नाही?”

तेव्हा आत मामी आल्या आणि उत्तर द्यायचं राहिलं. ते आता देते.

वहिनी, मी ब्रायनीला माफ केलेलं नाही. तो अधिकार रॉबीचा आणि सिसिलियाचा, आणि दोघंही १९४०मध्ये मेले. तो डंकर्कच्या किनाऱ्यापाशी रक्तात जंतू पसरून, ती लंडनच्या बालम स्टेशनवर बॉम्ब पडला तेव्हा. (ती सप्टेंबरमध्ये गेली असं ब्रायनी लिहिते. प्रत्यक्षात बालमवर बॉम्ब पडला १४ ऑक्टोबरला. ही मॅकयुअनची चूक की ब्रायनीची, यावर मी कितीही वेळ भांडू शकते.) पण ती हे सांगते. गोड शेवट रचते, दोघांना एका खोलीत एकत्र उभं करते आणि मग स्वतःच्या हाताने ते मोडून दाखवते, की असं झालं नाही, मी असं लिहिलं. दादाच्या गोष्टीत ती शेवटची पानं नाहीत. कुकरची शिट्टी त्यात कधी येत नाही. दुःखात माणूस काहीही रचो, त्याला माझी ना नाही. पण दुसऱ्याच्या वडिलांच्या तोंडी वाक्यं घालताना आधी विचारावं. ते माझेही वडील होते.

आता तुम्ही, किंवा वहिनी, म्हणाल की ब्रायनीची कबुलीही सोयीचीच आहे. खरंय. मार्शल आणि पुढे त्याची बायको झालेली लोला जिवंत असेपर्यंत अब्रूनुकसानीच्या भीतीने ते पुस्तक छापता येणार नाही, आणि तिला स्मृतिभ्रंश होतोय. म्हणजे तोंड देण्याची वेळ तिच्यावर येणारच नाही. शिवाय रॉबी-सिसिलियाने तिला माफ केलं असं काही तिने लिहिलेलं नाही, आणि याचं श्रेयही ती स्वतःच घेते. डांबरट आहे. तरी मला ती चालते.

माफ करायचं का, या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे याहून बरं उत्तर नाही. विश्वास ठेवायचा का, असं विचारलं असतंत तर म्हटलं असतं, शेवटच्या भागावर ठेवा. तोही थोडाच.

अशी आणखी पुस्तकं विचारलीत. इशिगुरोची ‘द रिमेन्स ऑफ द डे’ (१९८९) घ्या, पण तिथला बटलर स्वतःलाच फसवतो, त्याची जात वेगळी. मराठीत विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) पुन्हा वाचा. नायक चक्रधर मुंबईला उतरून जातो आणि बोटीवर ज्या हॅर्टावर त्याचं प्रेम बसलं तिचं काय होतं ते आठवत असेलच. त्याच्या अपराधीपणावर कादंबरीचा गोड मुलामा नाही.

आणि २००७चा सिनेमा बघून प्रश्न विचारला असेल, तर आधी पुस्तक वाचा. सिनेमात म्हातारी ब्रायनी टीव्हीवरच्या मुलाखतीत कबुली देते, समोर ऐकणारा बसलेला असतो. पुस्तकात ती वाढदिवसाची पार्टी उरकल्यावर रात्री एकटीच लिहीत बसते. तुम्हाला राग आला तो बहुधा त्या मुलाखतीचा असेल.